केळीच्या अर्जाचं दुसरं पान

आमच्या घराच्या पुढच्या भिंतीवर, दाराच्या डाव्या अंगाला, गेरूनं एक शब्द लिहिलेला होता : देशद्रोही. अक्षर गचाळ होतं. शेवटची वेलांटी तर पार खिडकीच्या चौकटीवर चढली होती. मी तालुक्याच्या कन्याशाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे पहिला राग मला त्या अक्षराचा आला. दुसरा जो आला तो अजून गेलेला नाही.

शब्द माझ्या वडिलांसाठी होता. त्यांना घरीदारी सगळे नाना म्हणत. बांगलादेशची लढाई संपून काही महिने झाले होते, जिल्हा परिषदेची निवडणूक लागली होती आणि नाना आमच्या गटातून अपक्ष उभे होते. निशाणी शिडी. त्या सकाळी आई सडा टाकायला बाहेर आली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं मला हाक मारली, "पाह्य व, हे काय लिव्हलं भितीवर?" मी वाचून दाखवलं, अर्थ सांगितला, आणि बादली-फडकं आणायला आत धावले. तिनं माझा हात धरला.

"कायले पुसते? ज्यानं लिव्हलं, त्यानं पुसावं."

"अगं, पण येणारेजाणारे वाचतील!"

"वाचू दे. आपण लिव्हलं का?"

झालं. आई एकदा बोलली की ती काळ्या दगडावरची रेघ. शब्द भिंतीवर राहिला आणि आम्ही त्याच्या शेजारच्या दारातून ये-जा करत राहिलो.

आता नानांनी देशाशी द्रोह केला तो असा. आमच्या भागात केळी. केळीचा घड पिकायच्या आधी, हिरवा कापायचा, बैलगाडीनं स्टेशनवरच्या मालधक्क्यावर न्यायचा, आणि आगगाडीच्या डब्यात भरून उत्तरेकडे पाठवायचा. डबे कधी येणार ते आधी कळायचं आणि त्या बेतानं लोक घड उतरवायचे. सगळा जीव त्या बेतात. एकदा कापलेला घड कुणाचा बाप आला तरी परत झाडाला लागत नाही. लढाईची धामधूम सुरू झाली आणि आमचे डबे लष्कराच्या सामानासाठी गेले. ते योग्यच होतं. पण कुणी कळवलं नाही. गावानं घड कापले, मालधक्क्यावर नेऊन रचले, आणि डबे आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी घड काळे पडायला लागले, चौथ्या दिवशी मोकाट गुरांनी तिथं जत्रा भरवली.

नाना तेव्हा गावातल्या केळी सोसायटीचे चेअरमन होते. त्यांनी रेल्वेच्या साहेबांना अर्ज करायचं ठरवलं. सांगायचे ते, लिहायची मी. साहेबांना इंग्रजी लागतं म्हणून ते मागाहून आमच्या शाळेतल्या एका सरांनी करून दिलं. सोसायटीच्या फायलीत राहिला तो मराठी अर्ज, माझ्या हातचा. सांगता सांगता नाना दोनदा म्हणाले, "एका पानात बसव." मी कुठली ऐकते! मला माझ्या अक्षराचा भारी तोरा. ठसठशीत अक्षर, डावीकडे दोन बोटं समास, ओळीओळीत ऐसपैस जागा. अर्ज दोन पानांवर गेला. पाठपोट नाही लिहिला, दोन वेगळे कागद केले आणि टाचणी लावली.

पहिल्या पानावर होतं की आमचे घड मालधक्क्यावर सडत आहेत, ठरलेले डबे आले नाहीत, ते लष्करी सामानाकडे वळवल्याचं समजतं, आणि त्यामुळे गरीब शेतकऱ्याचं पीक मातीत जात आहे. दुसऱ्या पानावर होतं : 'आमच्या जवानांना लागतील तितके डबे आधी द्यावेत, त्याबद्दल आमची काही एक तक्रार नाही. मागणे इतकेच, की डबे येणार नसतील तेव्हा दोन दिवस आधी स्टेशनवर तार करावी. आम्ही घड झाडावरच ठेवू.' खाली नानांची सही.

हे दुसरं पान सांगताना नाना भिंतीवरच्या वर्दीतल्या फोटोकडे बघत होते. माझा थोरला भाऊ फौजेत होता. लढाई सुरू झाल्यापासून त्याचं पत्र नव्हतं. कुठल्या सरहद्दीवर आहे तेही ठाऊक नव्हतं. आई रोज पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर येऊन काहीतरी निवडत बसायची, तांदूळ नसले तर निवडलेलेच परत निवडायची. ज्या माणसाचा पोरगा तिकडे, तो म्हणे जवानांचे डबे अडवायला निघाला!

अर्जाचा उपयोग झाला बरं का. आठवड्याभरात स्टेशनमास्तरांकडे तारा यायला लागल्या. 'डबे नाहीत' अशी तार आली की हलगीवाला गावभर सांगत फिरायचा आणि घड झाडावर राहायचे. लढाई संपली. भाऊ धडधाकट असल्याचं पत्र आलं. आईनं देवापुढे साखर ठेवली. वाटलं, सुटलो.

मग निवडणूक आली. नानांच्या विरुद्ध उभे होते ते गावातलेच. त्यांना सगळे आबा म्हणत. माणूस वाईट नव्हता, हे मी आज म्हणते. तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी त्याला घरात घेतलं नसतं. आबा सोसायटीचे संचालक, त्यांची स्वतःची केळी त्याच डब्यांतून जायची, त्या तारांनी त्यांचेही घड वाचवले होते. पण भाषण असं फर्डं की ऐकणाऱ्यानं विडी विझवून ऐकावं. पाटाचं पाणी, शाळेच्या खोल्या, रस्ता, यांवर नाना त्यांना भारी पडत होते, कारण नानांना तो विषय येत होता. तर आबांनी विषयच बदलला. सोसायटीच्या फायलीतून माझ्या अर्जाचं पहिलं पान काढलं आणि गावोगाव वाचत सुटले. "सीमेवर आपली पोरं रक्त सांडत होती, तेव्हा हे चेअरमन केळ्यांसाठी डबे मागत होते! सही दिसत नाही म्हणता? अहो, अक्षर बघा. ह्यांच्या लेकीचं. तुमच्या पोरी तिच्याच हाताखाली शिकतात!"

माझं अक्षर! ज्या दिवशी हे ऐकलं त्या दिवशी मी भाकरी खाल्ली नाही. एका पानात बसवलं असतं तर त्यांना अर्धा अर्ज वाचता आला नसता. मी नानांना तसं म्हटलंही. नाना म्हणाले, "ज्याले अर्धं वाचायचं, तो एका पानातलंही अर्धंच वाचतो." माझ्या समाधानासाठी म्हणाले, हे मला कळत होतं.

मी सोसायटीत जाऊन फाईल पाहिली. दुसरं पानही नव्हतं. टाचणीची दोन भोकं पडलेला पुठ्ठा तेवढा होता.

नानांच्या बाजूनं धावपळ करणारे एक काका होते. राजस्थानातून तीन पिढ्यांमागे आलेल्या जैन घरातले, बाजारात कापडाचं दुकान. दिवसभर ओसरीवर बसून डाव आखायचे. ते म्हणाले, "नाना, साधी गोष्ट आहे. पोराचा वर्दीतला फोटो मोठा करून घ्या. बैलगाडीवर लावू, बाजूला तिरंगा, मागे शिडी. आबांची बोलती बंद!"

गावात भाऊ फौजेत असल्याचं सगळ्यांना माहीत होतं, पण गटातल्या बाकीच्या खेड्यांना कुठून ठाऊक असणार? मला काकांचं म्हणणं एकदम पटलं. मी तर उठून फोटो आणायलाही गेले. तसबीर खाली काढली आणि नाना दारात उभे.

"ठेव ती जागेवर."

"नाना, पण ते तुम्हाला काय काय म्हणतात!"

"म्हनू दे. तो तिकडे लढाले गेला, माह्यासाठी मतं मागाले नाही गेला. ज्याचा पोरगा फौजेत नाही, त्यानं देशावरचं प्रेम कुठून उसनं आणावं? मी केयीवाला हाये. केयीवर मत मागीन. द्यायचं तर द्या."

काका कपाळावर हात मारून बसले. आईनं माझ्या हातून तसबीर घेतली, पदरानं काच पुसली आणि खिळ्याला अडकवली. तिचा कौल कुणाकडे होता ते मला तेव्हा कळलं नाही.

पण मी काही नाना नव्हे. बाजाराच्या दिवशी आबांची चौकात सभा होती, भरदुपारी. मी शाळेतून तशीच, खडूच्या हातांनी तिथं गेले. बायका कडेला उभ्या राहून ऐकत. मी मधोमध जाऊन उभी राहिले. आबांनी कागद काढला, पहिलं पान वाचलं, शेवटच्या ओळीशी थांबले, आणि कागदाची घडी करायला लागले. मी ओरडले, "दुसरं पान वाचा!"

मी पुन्हा म्हटलं, "अर्ज मी लिहिलाय. त्याला दुसरं पान आहे. जवानांना आधी डबे द्या, असं त्यात आहे. वाचा ना! का गिळलंत?"

आबा हसले. काय गोड हसले! म्हणाले, "बाई, असलं पान तर दाखवा की. आम्ही लगेच वाचतो." मग लोकांकडे वळून, "बघा, बाप मूग गिळून बसला आणि लेकीला पुढं केलं." लोक हसले. त्यांत माझ्या वर्गातल्या पोरींचे बाप होते. माझ्याकडे पान नव्हतं. मी चौकात उभी आणि माझे हात रिकामे. डोळ्यांत पाणी आलं, पण मान खाली घातली नाही, सभा संपेपर्यंत तिथंच उभी राहिले. माझ्याकडे बघत त्यांना पुढचं सगळं भाषण करावं लागलं, एवढाच माझा विजय.

नाना पडले. पडण्याचं दुःख नव्हतं, निवडणुकीत कुणीतरी पडतंच. पण आमच्या माणसाचं चालणंफिरणं थांबलं. डबे भरायच्या दिवशी नाना पहाटेपासून मालधक्क्यावर असायचे. डब्यात खाली केळीची वाळलेली पानं नीट अंथरली का, घड दाबले तर जात नाहीत ना, हे बघायचे. कुणी सांगितलेलं नव्हतं, पगार नव्हता, हौस. निकालानंतर दोनदा गेले. चहाच्या टपरीशी ते पोचले की बोलणं थांबायचं. तिसऱ्यांदा गेलेच नाहीत. चेअरमनपद सोडलं, तिथं आबा बसले. नानांची टोपी खुंटीवर राहिली. ज्या माणसानं कधी दुपारी अंग टेकलं नव्हतं तो दुपारभर ओसरीवर आढ्याकडे बघत पडून राहायला लागला. देशद्रोही म्हणून कुणी त्यांना तुरुंगात टाकलं नाही, पण त्यांची वाट मात्र बंद करून टाकली. मला ते बघवत नव्हतं.

त्याच वर्षी, पावसाळा कोरडा गेल्यावर, आमच्या शाळेच्या वाचनालयात एक इंग्रजी मासिक आलं. गुळगुळीत कागदाचं, अमेरिकेहून यायचं, फुकट. पोरी त्याची वह्यांना कव्हरं घालायच्या. अमेरिकेत तेव्हा अध्यक्षाची निवडणूक होती आणि त्यात एक लांबलचक लेख होता : तिकडे दर चार वर्षांनी उमेदवाराला कसं पाडतात. मी डिक्शनरी घेऊन तीन दिवस तो वाचला. काय सांगू, अंगावर काटा आला. तिकडे म्हणे ह्या कामाला पगारी माणसं असतात. समोरचा शेतीवर, शाळांवर, करांवर भारी पडत असला तर त्या विषयाला हातच लावायचा नाही. म्हणायचं, ह्याचं देशावर प्रेमच नाही. लढाई थांबवा म्हणाला, तर शत्रूचा माणूस. झेंड्यापुढे उभा राहिला नाही, तर आतून फितूर. त्याच्या भाषणातलं एक वाक्य उचलायचं आणि पुढचं खाऊन टाकायचं. तो बिचारा 'माझं प्रेम आहे हो' म्हणून ओरडत सुटला, झेंडे लावत सुटला, वर्दीतल्या माणसांशेजारी फोटो काढत सुटला, की झालं, निवडणूकभर तेवढीच चर्चा.

जेवताना मी हे नानांना सांगितलं. नानांनी हातातला घास खाली ठेवला.

"म्हंजे तिकडेही आबा आहेत?"

"आबा आहेत, काकाही आहेत. आपल्या काकांना तिकडे मोठा पगार मिळाला असता."

नाना हसले. कित्येक महिन्यांनी हसले. मग विचारलं, "आन् तिकडे दुसरं पान कोणी मागतं का?" मी म्हटलं, लेखात काही तसं दिसलं नाही. "मग तू त्याहिच्यापेक्षा बरी," असं म्हणून त्यांनी घास उचलला. एवढ्या मोठ्या देशाचं आणि आमच्या ओसरीचं दुखणं एकच निघालं, ह्याचा मला आनंद व्हायला नको होता. पण झाला. म्हणजे दोष माझ्या समासाचा नव्हता.

दिवाळीला आईनं सबंध घराला चुना दिला. पुढच्या भिंतीलाही दिला, फक्त तो शब्द सोडून. शब्दाभोवती चौकोन राखून तिनं इतका सफाईनं कुंचला फिरवला की आता तो लांबूनही ठळक दिसायला लागला. पाऊसच झाला नव्हता, त्यामुळे गेरू जसाच्या तसा होता.

आणि दुष्काळ पडला. विहिरी तळाला गेल्या. ज्यांच्याकडे थोडं पाणी होतं त्यांनी केळी कशीबशी जगवली. तेवढ्यात डबे परत आटले; आता ते धान्याला लागत होते, अमेरिकेची लाल ज्वारी, मायलो, खेड्यापाड्यांत पोचवायला. माणसांच्या पोटाचं काम, आधी तेच जायला हवं. पण लढाई संपल्यापासून तारा बंद झाल्या होत्या. पुन्हा घड कापून मालधक्क्यावर, पुन्हा डबे नाहीत. आधीच घोटभर पाण्यावर वाढलेले घड!

एका सकाळी, शाळेला सुटी होती, आबा आमच्या घरी आले. बरोबर सोसायटीचे दहाबारा शेतकरी. आबा आता परिषदेचे सभासद, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. ओट्यावर बसले ते नेमके त्या शब्दाखाली. नाना ओसरीवर उठून बसले. आईनं सगळ्यांना पाणी दिलं.

"नाना," आबा म्हणाले, "मागच्या बारीसारखा अर्ज पाहिजे. रेल्वेवाल्यांना तुमचं नाव माहीत आहे. खाली माझी सही, शेजारी तुमची. आणि बाईंनी लिहून द्यावा."

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "आबा, लोक उपाशी आहेत, आणि तुम्ही धान्याचे डबे अडवून केळी पाठवणार? उद्या मी तुमच्या भिंतीवर गेरूनं लिहू का?"

आबांचा चेहरा उतरला. "बाई, मी डबे मागत नाही. आधी कळवा एवढंच म्हणतोय."

"हो का? हे कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय."

शेतकरी खाली बघायला लागले. नाना हळूच म्हणाले, "पोरी, घड सडून रायले. लिही." मला नानांचाही राग आला. पण घड कुणाचे होते? त्या खाली बघणाऱ्यांचे. मी कागद-पेन आणलं आणि म्हटलं, "मागचा शब्दन् शब्द माझ्या ध्यानात नाही. जुना अर्ज असला तर तसाच उतरवते."

आबा घाईत होते. घाईतच त्यांनी पिशवीतून एक घडी काढून माझ्यापुढे धरली. दोन कागद. टाचणी गंजली होती. दोन्ही पानं, माझ्या ठसठशीत अक्षरातली. इतके दिवस ह्यांच्याकडेच होती! आबांच्याही ते लक्षात आलं असावं, पण हात पुढे झाला तो झाला.

मी कागद घेतला नाही. म्हटलं, "तुम्ही वाचा. मी ऐकून लिहिते. मोठ्यानं वाचा, म्हणजे ह्या सगळ्यांनाही पटेल."

आबांनी वाचायला सुरुवात केली. चौकातला तो आवाज आता ओट्याच्या पलीकडे जात नव्हता. घड, मालधक्का, लष्करी सामान, मातीत जाणारं पीक. पहिल्या पानाची शेवटची ओळ आली आणि चौकात थांबले होते तिथंच ते थांबले. दाराच्या चौकटीला टेकून आई उभी होती.

"आबा, पान उलटा," ती म्हणाली. "मले वाचता नाही येत, पण कागद दोन हायेत एवढं दिसतं."

आबांनी पान उलटलं. 'आमच्या जवानांना लागतील तितके डबे आधी द्यावेत,' त्यांनी वाचलं. खाली नानांच्या सहीपर्यंत सगळं वाचलं. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

आई आत गेली आणि चुन्याची बादली अन् कुंचला घेऊन बाहेर आली. दोन्ही आबांच्या पायाशी ठेवलं.

"मी नाही लिहिलं ते," आबा म्हणाले. "पोरांनी लिहिलं."

"मंग पोरांले बोलवा. आम्ही थांबतो."

आबांनी दहाबारा तोंडांकडे पाहिलं. एकही त्यांच्या मदतीला आलं नाही. मग त्यांनी इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि कुंचला चुन्यात बुडवला. सदऱ्यावर ठिपके उडाले, वेलांटीपर्यंत हात पोचेना म्हणून त्यांना ओट्याच्या कठड्यावर चढावं लागलं. मी तेवढ्या वेळात अर्ज लिहिला. जवानांच्या जागी उपाशी माणसं घातली, बाकी सगळं तेच. समास सोडला नाही, अक्षर बारीक काढलं, एका पानात बसवला. आबांनी चुन्याच्या बोटांनी सही केली, शेजारी नानांनी केली.

"द्या, पाठवतो मी," आबा म्हणाले.

"राहू दे," नाना म्हणाले. त्यांनी उठून खुंटीवरची टोपी काढली, झटकली, डोक्यावर ठेवली, आणि अर्ज घेऊन स्वतः स्टेशनकडे चालायला लागले. शेतकरी त्यांच्या मागून निघाले.